जपलेली मालमोटार

अमेरिकेच्या मध्यभागांतील कॅन्सस, नेब्रास्का किंवा आयोवा या राज्यांतील एखाद्या आडरस्त्यावर, शेतवाडीच्या फाटकापाशीं, कधीं कधीं एक जुनी मालमोटार उभी केलेली दिसते. समोरच्या कांचेच्या आंतून पुठ्ठ्याचा एक तुकडा टेकविलेला असतो आणि त्यावर ‘विकणें आहे’ एवढींच अक्षरें व किंमतीचा आंकडा असतो. मोटार सत्तर-पंचाहत्तर वर्षांची. रंग उन्हानें फिका पडलेला. पण मडगार्डांस गंज नाहीं, हौद्यांतील लांकडी फळ्या तेल पाजून काळ्याभोर झालेल्या, बैठकीवरील फाटका भाग ठिगळ लावून नीट शिवलेला. भरधांव येणारी एखादी नवी मोटार तिच्यापाशीं येतांच मंदावते. मनुष्य खालीं उतरतो, तिच्याभोंवतीं एक फेरी घालतो, बॉनेटवर हात ठेवतो. त्याला मालमोटारीची गरज नसते. त्याच्या घरीं तिच्याहून तिप्पट-चौपट शक्तीचें वाहन असतें. तरीहि त्याचा पाय तेथून निघत नाहीं. असें कां व्हावें?

केवळ ‘हौस’ या एका शब्दानें या प्रश्नाचें उत्तर होणार नाहीं. जुनीं घड्याळें, जुन्या तसबिरी, जुनीं नाणीं यांचा संग्रह करणारे लोक सर्वच देशांत आहेत. परंतु घड्याळ काय किंवा तसबीर काय, तीं मूळचींच जपण्याजोगीं असतात. शेतकऱ्याची मालमोटार मात्र जपण्यासाठीं कोणीं घेतलीच नव्हती. कुदळ जशी झिजविण्यासाठीं घ्यावयाची, तशीच ती. जी झिजून नाहींशीच व्हावयाची ती नीट राहिली, या एका गोष्टींतच तिचें खरें मोल सांठविलेलें आहे. आणि ती कशी राहिली हें समजण्यासाठीं तिच्या कुळाची हकीकत पाहिली पाहिजे.

हेन्री फोर्ड यानें १९०८ च्या ऑक्टोबरांत आपली ‘मॉडेल टी’ गाडी बाजारांत आणली. ती मुळांत माणसांनीं बसून फिरावयाची गाडी. परंतु खेड्यांतील शेतकऱ्यानें ती घरीं आणतांच तिचा निराळाच उपयोग आरंभिला. मागील भाग काढून टाकावा, तेथें लांकडाचें एक मोठें खोकें बसवून घ्यावें, आणि त्यांत दुधाचे कॅन, बटाट्यांचीं पोतीं, कोंबड्यांचीं खुराडीं घालून बाजार गांठावा, असा प्रघात पडला. मागचें एक चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढविला कीं, तीच गाडी लांकडें कापण्याची करवत किंवा विहिरीवरील पंप चालवी. १९३५ च्या सुमारासहि अमेरिकेंतील दहा शेतवाड्यांपैकीं जेमतेम एकीस वीज पोंचली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका चाकाची किंमत कळते. या गाडीची पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल केवळ उतारानें एंजिनाकडे वाहे. त्यामुळें टांकींत पेट्रोल थोडें असतां उभा चढ लागला, तर शेतकरी गाडीचें तोंड फिरवी आणि ती मागें मागें चालवीत टेंकडी चढे. तिच्या असल्या खोडी त्याला पाठ असत. बैलाचा स्वभाव जाणावा, तसा तो तिचा स्वभाव जाणत असे.

गिऱ्हाइकानें आपल्या हातानें करून घेतलेली ही सोय पाहून कारखानदार जागे झाले. ओहायो राज्यांतील गॅलियन येथील एका कारखान्यानें १९१३ सालीं मॉडेल टी च्या सांगाड्यावर मालाचे तयार हौदे बसविण्यास आरंभ केला. १९१७ सालीं फोर्ड कंपनीनें एक टन ओझ्याचा ‘मॉडेल टीटी’ हा सांगाडा ६०० डॉलरांस विकावयास काढला. परंतु त्यावरील केबिन व हौदा ज्याचे त्यानें दुसरीकडून बांधून घ्यावे, अशी स्थिति होती. अखेर १५ एप्रिल १९२५ रोजीं कारखान्यांतच हौदा जोडलेली, दाराशीं आणतांच कामास लावतां येईल अशी मॉडेल टी बाहेर पडली. तिच्या नांवांतच ‘पिकअप’ हा शब्द होता. किंमत २८१ डॉलर. एंजिनाची शक्ति २० घोड्यांची. हौदा पोलादी, सुमारें ४ फूट ८ इंच लांब. त्याच्या शेवटीं खालीं पाडतां येणारा फाळका. आणि ओझें पेलावें म्हणून मागील पाटे अधिक भक्कम. पहिल्या हंगामांत अशा सुमारें ३४,००० गाड्या तयार झाल्या. अमेरिकेच्या ग्रामजीवनांत पुढें जिनें घोड्याची जागा घेतली, ती पिकअप ही अशी शेतकऱ्याच्या अंगणांत प्रथम जन्मली आणि मागाहून कारखान्यांत गेली.

फोर्डच्या मागोमाग इतरहि कारखानदार या क्षेत्रांत उतरले होते. शेव्हरोले कंपनी १९१८ पासून हलक्या मालमोटारींचे सांगाडे विकीत होती. १९२९ सालीं तिनें सहा सिलिंडरांचें एंजिन आणलें. डॉज आणि इंटरनॅशनल यांच्याहि गाड्या खेडोपाडीं दिसूं लागल्या. इतक्यांत मंदीचें संकट आलें, आणि ओक्लाहोमा व टेक्सासच्या माळांवर अवर्षणानें धुळीचीं वादळें उठलीं. जमिनी गमावलेलीं कुटुंबेंच्या कुटुंबें आपला संसार जुनाट मोटारींत भरून कॅलिफोर्नियाची वाट चालूं लागलीं. जॉन स्टाइनबेक याच्या १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरींतील जोड कुटुंब ज्या वाहनांतून जातें, ती मुळांत हडसन कंपनीची बसावयाची गाडी; तिचा मागचा भाग कापून तिची मालमोटार केलेली आहे. त्याच कादंबरींत जुन्या गाड्या विकणाऱ्यांचें वर्णन आहे. गिअरांचा खडखडाट ऐकूं येऊं नये म्हणून त्यांत लांकडाचा भुसा भरावा आणि गरजू गिऱ्हाइकाच्या गळ्यांत ती गाडी बांधावी, असा त्यांचा व्यवहार. तेव्हां जुन्या मालमोटारीच्या विक्रीस ही दुसरीहि परंपरा आहे, हें विसरतां कामा नये. जपलेली गाडी आणि नटविलेली गाडी यांतील भेद ओळखणें ही तेव्हांपासूनच पोटापाण्याची बाब होती.

दुसऱ्या महायुद्धानें या वाहनाच्या इतिहासास वेगळेंच वळण लावलें. १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकन कारखान्यांतून खासगी मोटारींची पैदास बंद झाली आणि नागरिकांस नवी मालमोटार मिळणेंहि दुरापास्त झालें. पेट्रोल व टायर यांवर नियंत्रण आलें; टायर वांचावेत म्हणून ताशीं ३५ मैलांची वेगमर्यादा घालण्यांत आली. गांवोगांव मोडीचें लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि शेतांच्या कडेला पडलेल्या कितीतरी जुन्या गाड्या भट्टींत गेल्या. ज्या उरल्या त्या मालकांनीं जिवापाड संभाळल्या. कारण बिघडली तर दुसरी मिळणार नाहीं, हें प्रत्येकास ठाऊक होतें. आटा गेलेला बोल्ट फेंकून न देतां नव्यानें आटे पाडून घेणें, झिजलेलें बेअरिंग पुन्हां ओतून घेणें, एका गाडीचे अवयव दुसरीस बसविणें, हें शिक्षण त्या काळांत घरोघर झालें. आज ज्या गाड्या सुस्थितींत सांपडतात, त्यांच्या पाठीशीं पुष्कळदां याच काळांत हाताला लागलेली संवय उभी असते.

युद्ध संपल्यावर मागणीचा लोंढा आला. १९४७ च्या जून महिन्यांत शेव्हरोले कंपनीनें ज्या नव्या घडणीच्या मालमोटारी काढल्या, त्यांनाच आजच्या विक्रीच्या बाजारांत सर्वाधिक चाहते आहेत असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं. त्यांतील अर्ध्या टनाच्या गाडीस ३१०० हा क्रमांक होता. पहिल्या वर्षीं तिची किंमत हजार डॉलरांहून थोडी अधिक होती. समोर पांच आडव्या पट्ट्यांची जाळी, गोलाकार मडगार्डांत बसविलेले दिवे, तिघांना बसतां येईल अशी रुंद केबिन आणि बाहेरची ताजी हवा आंत घेण्याची सोय, हीं तिचीं लक्षणें. जादा पैसे देणाऱ्यास केबिनच्या मागील दोन्ही कोपऱ्यांत वांकविलेल्या कांचेच्या खिडक्या मिळत. लगेच पुढील वर्षीं, १९४८ च्या जानेवारींत, फोर्ड कंपनीनें आपली ‘एफ’ मालिका सुरू केली आणि या दोन घराण्यांची चुरस कायमची जडली.

३१०० या गाडीची रचना १९५५ च्या वसंतऋतूपर्यंत बाहेरून जवळ जवळ तीच राहिली. तथापि जाणकार मनुष्य दुरूनच तिचें साल सांगूं शकतो. १९४९ पासून पेट्रोलची टांकी केबिनमध्यें, बैठकीच्या पाठीमागें आली. १९५१ सालीं दारांच्या कांचांस हवेसाठीं लहान तिकोनी झडपा आल्या. १९५२ सालीं दाराच्या मुठीस दाबावयाची कळ बसली. १९५४ सालीं समोरची दुभंगलेली कांच जाऊन एकसंध कांच आली आणि जाळीहि बदलली. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून वर्ष ओळखणें हा चाहत्यांचा आवडता खेळ आहे, आणि विकणारा खरें बोलतो किंवा नाहीं हें पारखण्याचें साधनहि आहे.

परंतु खरें आकर्षण बॉनेट उघडल्यावर दिसतें. आंत ९० घोड्यांच्या शक्तीचें, सहा सिलिंडरांचें एंजिन असतें आणि त्याच्या दोन्ही बाजूंस इतकी मोकळी जागा असते कीं, सबंध हात खालपर्यंत घालतां यावा. कोणती नळी कोठून निघते व कोठें जाते, हें डोळ्यांनीं दिसतें. एंजिन सुरू करावयाचें तें पायानें एक दांडा दाबून. बेअरिंगें ओतलेल्या पांढऱ्या धातूचीं. दट्ट्यांच्या दांड्यांच्या टोंकांवरील पळ्या तळाचें तेल उडवीत फिरतात आणि त्यावरच त्यांचें वंगण चालतें. म्हणून ही गाडी ताशीं ४५ ते ५० मैलांच्या पलीकडे हांकणें म्हणजे तिच्यावर जुलूम करणें होय. तिची मर्यादा ती आवाजानें सांगते, आणि जो ऐकतो त्याच्यापाशीं ती पन्नास वर्षेंहि टिकते. आधुनिक वाहनाचा बिघाड शोधावयास दुसरें यंत्र लागतें. या गाडीचा बिघाड मालकाच्या कानांस व बोटांस समजतो. वस्तु आपल्या मालकीची असणें आणि ती आपल्याला उमगणें या दोन गोष्टी त्या काळीं एकत्र नांदत होत्या. आज त्या पुष्कळशा विलग झाल्या आहेत. फाटकापाशीं थांबलेल्या त्या प्रवाशाचा पाय जो अडखळतो, तो या जाणिवेमुळें.

या घराण्यांची ओळख मुंबईसहि नवी नाहीं. फोर्ड कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली शाखा काढली, आणि १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें सुटे भाग जोडून शेव्हरोले मोटारी व मालमोटारी तयार करण्यास आरंभ केला. येथें बहुतेक मालमोटारींचे नुसते सांगाडे घेऊन त्यांवर देशी सुतारांनीं लांकडी हौदे व बसगाड्यांचे सांचे बांधावे, अशी वहिवाट होती. १९४७ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज जातीच्या गाड्या जुळूं लागल्या. पुढें नुसत्या जुळवणीस मज्जाव करणारें सरकारी धोरण आलें, तेव्हां १९५४ च्या सुमारास दोन्ही अमेरिकन कंपन्यांनीं येथील व्यवहार आवरला. घाटांतून वर्षानुवर्षें ओझीं वाहून त्या गाड्या बहुतेक मोडींत गेल्या. आणि हीच स्थिति अमेरिकेंतहि झाली.

मालमोटार टिकणें हें इतकें दुर्मिळ कां, याचें कारण तिच्या कामांत आहे. घरची बसावयाची गाडी रविवारीं धुऊन पुसून देवळांत जाण्यासाठीं काढावयाची. मालमोटार खतासाठीं, दगडांसाठीं, आजारी वासरासाठीं. पहिला मालक तिला दहा वर्षें राबवी, दुसरा त्याहून कमी किंमतीस घेऊन अधिक राबवी, आणि तिसऱ्याच्या हातीं ती येई तेव्हां तिच्यावर खर्च करणें कोणासहि परवडत नसे. त्यांतच युद्धानंतर उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकण्याची चाल पसरली, आणि त्या मिठानें केबिनचे कोपरे, पायऱ्या व जमिनीचे पत्रे खाऊन टाकले. ॲरिझोना, न्यू मेक्सिको यांसारख्या कोरड्या प्रदेशांतील गाडीस जादा किंमत येते ती यामुळेंच.

दरम्यान पिकअप या वाहनाचें स्वरूपच पालटत होतें. १९५५ सालीं शेव्हरोले कंपनीनें गुळगुळीत बाजूंची, शोभिवंत अशी ‘कॅमिओ’ नांवाची पिकअप काढली. १९५७ सालीं फोर्डची ‘रँचेरो’ आली, ती तर अर्धी बसावयाचीच गाडी. हळूहळू या वाहनांत गालिचे आले, गारवा आला, गाणें आलें. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून चाळीसांहून अधिक वर्षें अमेरिकेंत सर्वांत अधिक खपणारी मालमोटार ठरली; परंतु ती घेणारांपैकीं पुष्कळांनीं हौद्यांत कधीं पोतें टाकलें नसेल. आणि ज्यांनीं टाकलें असतें त्यांची संख्या तर झपाट्यानें घटत गेली. १९३५ सालीं अमेरिकेंत सुमारें ६८ लाख शेतवाड्या होत्या. २०२२ च्या गणतींत त्या १९ लाखांच्या आसपास उरल्या. फाटकापाशीं उभ्या असलेल्या त्या मालमोटारीचा हा खरा इतिहास होय. मुलें शहरांत गेलेलीं असतात, म्हातारा मालक वारलेला असतो, जमीन शेजाऱ्याच्या मोठ्या शेतांत मिळालेली असते, आणि घरांतील सामानाचा लिलांव व्हावयाचा असतो. नांगर, दुधाचे कॅन, शिवणाचें यंत्र यांच्या रांगेंत शेवटीं ती उभी राहते. घेणाऱ्याला ती जुन्या काळाची आठवण वाटते. विकणाऱ्याच्या घरांत ती त्या काळाची समाप्ति असते.

म्हणूनच अशी गाडी पाहावयाची ती डोळसपणें. नव्या तुकतुकीत रंगानें भुलून जाऊं नये. जाणता गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊन मडगार्डांवरून व केबिनच्या कोपऱ्यांवरून फिरवितो. जेथें तो चिकटत नाहीं तेथें पत्र्याऐवजीं पुट्टी भरलेली असते. तो खालीं वांकून सांगाडा पाहतो, फळ्यांखालीं हात घालतो, दार उघडून लावतांना होणारा आवाज ऐकतो. उलट क्लचच्या पावट्यावरील झिजलेलें रबर, कोपर टेकून टेकून रंग उडालेली खिडकीची कड, फाळक्यावरील साखळीच्या घांसण्याच्या खुणा, या त्याला दोष वाटत नाहींत. त्या कामाच्या खुणा आहेत. जेथें झीज आहे पण गंज नाहीं, डागडुजी आहे पण लपवाछपवी नाहीं, तेथें मालकाचा हात ओळखूं येतो.

या बाबतींत चाहत्यांतहि दोन पक्ष आहेत. एकाच्या मतें गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी, किंबहुना त्याहूनहि चकचकीत करावी. कांहीं जण तर जुन्या आवरणाखालीं नवें एंजिन बसवितात. दुसऱ्या पक्षाच्या मतें जें मूळचें आहे तें शक्य तोंवर तसेंच राखावें, कारण गाडी पुनः पुन्हां रंगवितां येते, पण ती मूळची एकदांच असते. १९३५ सालीं फिलाडेल्फियांत स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेनें मूळ अवस्थेंत राखलेल्या गाड्यांसाठीं वेगळा वर्गच ठेवला आहे. मालमोटारींच्या इतिहासाची जोपासना करणारी एक स्वतंत्र संस्थाहि १९७१ पासून तेथें काम करीत आहे. पहिल्या पक्षाच्या गाड्या प्रदर्शनांत दोरीच्या आड उभ्या राहतात आणि त्यांच्या हौद्यांतील फळ्यांवर आरशासारखी चकाकी असते. त्या सुंदर असतात यांत संशय नाहीं. परंतु त्या फळ्यांवर पोतें टाकण्याची छाती आतां कोणास होत नाहीं. अवजार जेव्हां कामास भिऊं लागतें, तेव्हां त्याचें अवजारपण संपतें.

आपल्याकडे खंडेनवमीस अवजारांची पूजा होते. त्या दिवशीं कोयत्याला, नांगराला, करवतीला हळदकुंकू वाहतात, झेंडूचें फूल ठेवतात; पण दसरा सरला कीं तींच अवजारें पुन्हां कामास लागतात. पूजेचा अर्थ त्यांना कोनाड्यांत बसविणें असा नव्हे. वर्षभर जें राबलें त्याची दखल घेणें, त्याची धार पाहणें, मूठ घट्ट करणें, हा आहे. अमेरिकन शेतकऱ्याला हा सण ठाऊक नव्हता. परंतु दर हिंवाळ्यांत कोठारांत गाडी घेऊन तेल बदलणारा, हौद्याच्या फळ्यांस जवसाचें तेल पाजणारा, बैठकीस ठिगळ लावणारा मनुष्य निराळ्या रीतीनें तेंच करीत होता. कोणी पाहील म्हणून त्यानें तें केलें नाहीं. उद्यां सकाळीं ती सुरू झाली पाहिजे, एवढाच त्याचा हेतु होता.

तेव्हां पुठ्ठ्याच्या त्या तुकड्यावर जो आंकडा लिहिलेला असतो, तो लोखंडाचा नसतो आणि केवळ वयाचाहि नसतो. दोन पिढ्यांनीं दररोज थोडी थोडी घेतलेली काळजी त्यांत मोजलेली असते. ती काळजी पैसे देऊन पुरी विकत घेतां येत नाहीं. घेणाऱ्याला ती पुढें चालवावी लागते. जो गाडी घेऊन जातो, आणि पुढच्या शनिवारीं तिच्या हौद्यांत चार पोतीं टाकून ताशीं चाळीस मैलांनीं आडरस्त्यानें घरीं येतो, त्यानें ती खऱ्या अर्थानें घेतली असें म्हणावयास हरकत नाहीं.